रिव्हेट निवडताना आधी धातूंची जोडी बघा

भोसरी-चाकणकडे फॅब्रिकेशनला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितोय. रिव्हेट गन चालवणं तुम्हाला येतंच. ३.२ मिमीच्या पॉप रिव्हेटला (एकाच बाजूने गनने ओढून बसवायचा तो) ३.३ मिमीचं भोक, ४.८ ला ४.९ चं, कडेपासून निदान दोन व्यास आत, हेही हाताला लवकर बसतं. घाबरायचं काही नाही.

फसायला होतं ते पुढे. मी शिकलो तिथे सगळ्या कामाला एकच अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट. स्वस्त, ओढायला हलका. एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, पॅनेललाही तोच. पुण्यात पॅनेल छान राहतं. तेच कोकणातल्या खाऱ्या हवेत गेलं की रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी धरते. रत्नागिरीहून परत आलेलं एक पॅनेल मी हातात घेतलंय. पत्रा लख्ख, आणि रिव्हेटची डोकी नखाने निघत होती.

दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मध्ये ओल आली की त्यातला एक दुसऱ्यापायी झिजतो. एसएसपुढे झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. इथवर सगळेच सांगतात. खरी मेख आकारात आहे: एसएसचा पत्रा एवढा मोठा, रिव्हेट एवढासा, आणि सगळी झीज त्या एवढ्याशा रिव्हेटवर येते. उलट जोडी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला एसएसचा रिव्हेट, बरीच टिकते, कारण झीज मोठ्या पत्र्यावर वाटली जाते. समुद्राकाठी मात्र तिथेही भोकात सीलंट भराच. आणि एसएसला एसएसच लावा. गन जड जाते, हात दुखतो, तरी तोच लावा.

प्लॅस्टिकचं त्या मानाने सोपं. मोठ्या डोक्याचा रिव्हेट घ्या, डोकं प्लॅस्टिककडे आणि फुगणारी बाजू पत्र्याकडे. दोन्हीकडे मऊ माल असेल तर मागे वायसर. पॉलिकार्बोनेट उन्हात पत्र्यापेक्षा जास्त वाढतं, म्हणून त्याचं भोक थोडं सैल ठेवा, नाहीतर कडेने तडे जातात.

उस्तादाकडून हात शिका. रिव्हेटमधला जो खिळा गन ओढते, तो तुटतानाचा खटका बरोबर आला की नाही, हे त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही, व्हिडिओवाले तर नाहीच. पण माल कुठला लावायचा यावर त्याचं "चालतंय" ऐकून गप्प बसू नका. सगळे थर दाबून धरून व्हर्नियर लावा, मग पाकिटावरची ग्रिप रेंज, म्हणजे रिव्हेट किती जाडी धरतो ते, बघा. अंदाजाने घेतलेला लांब रिव्हेट वरून घट्ट दिसतो आणि धक्के बसले की खुळखुळतो.

रविवार पेठेत बोहरी आळीत माल घ्यायला गेलात तर बॉडी (खिळ्याभोवतीची नळी) कशाची आणि खिळा कशाचा, दोन्ही विचारा. अ‍ॅल्युमिनियम बॉडीत खिळा बहुतेक वेळा स्टीलचा असतो. त्याचा तुटका तुकडा आत राहून गंजतो आणि पहिल्याच पावसात पॅनेलवर लाल ओघळ येतात. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. खिळा त्याला जोरात चिकटला, तर तो रिव्हेट बाहेरच्या कामाला घेऊ नका.