बाहेरच्या देशातला फोन घेताय? आधी बँड आणि कॉलिंग दोन्ही तपासा

दुसऱ्या देशातून फोन मागवायचा असला किंवा कुणाचा वापरलेला घ्यायचा असला की पहिला प्रश्न ठरलेला, अनलॉक्ड आहे ना? समोरचा हो म्हणाला की विषय संपला. पण अनलॉक्ड म्हणजे एवढंच की फोन कुठल्या एका सिमच्या कंपनीला बांधलेला नाही, दुसरं सिम टाकलं तर तो नाकारणार नाही, बस. त्या सिमला रेंज येईल का, कॉल लागतील का, ५जी चालेल का हे सगळं वेगळं बघावं लागतं, आणि बहुतेक लोक ते फोन हातात आल्यावर बघतात.

आधी बँडचं बघू. बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक ठरलेला पट्टा, त्याला नंबर दिलेला असतो. ४जीत बँड १ म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, ३ म्हणजे १८००, ८ म्हणजे ९००, २० म्हणजे ८००, २८ म्हणजे ७००, ४० म्हणजे २३००. ५जीत नंबरच्या आधी एन लागतो, एन७८ म्हणजे ३३०० ते ३८०० च्या मधला पट्टा. ज्या कंपनीकडे ज्या पट्ट्याचं लायसन्स आहे त्यावरच तिचे टॉवर चालतात, आणि फोनमध्ये त्या पट्ट्यासाठीचे फिल्टर वगैरे बसवलेलेच नसतील तर तुम्ही टॉवरखाली उभे राहिलात तरी उपयोग नाही. हे हार्डवेअर आहे, अपडेट मारून येत नाही. कधी कधी हार्डवेअर असतं पण फोन बनवणाऱ्या कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये बंद ठेवलेलं असतं आणि नंतर अपडेटने चालू करते, ५जीच्या बाबतीत असं झालेलंही आहे, पण त्या भरवशावर पैसे घालू नका.

आता तपासायचं कसं. फोनच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर घ्या, पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट. गॅलेक्सी एस२३ या एकाच नावाखाली एसएम-एस९११बी हे इंटरनॅशनल मॉडेल आहे, एस९११यू अमेरिकेतल्या ऑपरेटरांचं, एस९११यू१ अमेरिकेतलं अनलॉक्ड, एस९११एन कोरियाचं, आणि दिसायला सगळे सारखेच. अमेरिकेतल्या मॉडेलला मिलिमीटर वेव्हचं, म्हणजे खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचं, ५जी आहे, बी वाल्याला नाही. आयफोनला सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये जाऊन मॉडेल नंबरवर एकदा टॅप करा, मग ए ने सुरू होणारा नंबर दिसेल, तोच खरा, आणि अ‍ॅपलच्या साइटवर त्या ए नंबरप्रमाणे बँडची यादी दिलेली असते. फोनमधल्या त्याच अबाउटच्या पानावर खाली कॅरिअर लॉक म्हणून ओळ आहे, तिथे नो सिम रिस्ट्रिक्शन्स लिहिलेलं पाहिजे. आणि हो, अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ईसिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं डिजिटल सिम, तर मेनलँड चीनच्या आयफोन १४ ला दोन सिम बसतात पण ईसिम नाही. बँड सगळे जुळले आणि सिम घालायला जागाच नाही असंही होऊ शकतं.

विकणारा लांब असेल तर त्याच्याकडून अबाउट फोनच्या पानाचा स्क्रीनशॉट मागवा, खोक्याचा फोटो नको, खोकं बदलता येतं. *#०६# डायल केल्यावर येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, तोपण मागा, त्यातल्या पहिल्या ८ आकड्यांवरून मॉडेल कळतं आणि ते स्क्रीनशॉटशी जुळायला पाहिजे.

दुसरी बाजू म्हणजे तुमची कंपनी कुठले बँड वापरते. कंपनीच्या साइटवर मिळालं तर उत्तम, कस्टमर केअरला विचारण्यात फारसा अर्थ नाही, ५जी फोन आहे ना मग चालेल असं छापील उत्तर मिळतं. सगळ्यात पक्कं म्हणजे ज्याच्याकडे त्याच कंपनीचं सिम आहे त्याचा फोन घेऊन तुमच्याच घरात, तुमच्याच ऑफिसात बघायचं. सॅमसंगवर *#००११#, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा, बाकी अँड्रॉइडवर सेलमॅपरसारखं अ‍ॅप टाका. बँडचा नंबर थेट दिसला तर झालंच, नाहीतर ईएआरएफसीएन नावाचा आकडा, म्हणजे ४जीचा चॅनल नंबर, शोधा. १२०० ते १९४९ मध्ये असेल तर बँड ३, २७५० ते ३४४९ बँड ७, ३४५० ते ३७९९ बँड ८, ६१५० ते ६४४९ बँड २०, ९२१० ते ९६५९ बँड २८, ३८६५० ते ३९६४९ बँड ४०. एकदा बघून थांबू नका, जिन्यात, लिफ्टजवळ, आतल्या खोलीत जाऊन बघा, आकडा बदलतो आणि तोच बदल महत्त्वाचा आहे.

का, तर लोक इथेच फसतात. समजा कंपनीकडे ३, ७ आणि २० असे तीन बँड आहेत आणि फोनमध्ये ३ आणि ७ आहेत, २० नाही. तीनातले दोन आहेत, चालतंय की, असं वाटतं. मोकळ्यावर स्पीडपण झकास येतो. पण कमी फ्रिक्वेन्सी लांबवर जाते आणि भिंतीतून आत शिरते, त्यामुळे गावाबाहेर, तळघरात, जाड भिंतींच्या आत कंपनीची सगळी मदार त्या २० वरच असते, आणि तिथे बाजूच्याच्या फोनला दोन कांड्या आणि तुमच्या फोनवर नो सर्व्हिस. म्हणून ६०० ते ९०० मधला कंपनीचा जो बँड असेल तो फोनमध्ये नसेल तर मी म्हणेन फोन सोडून द्या, कितीही स्वस्तात मिळाला तरी. वरचा एखादा बँड नसला तर गर्दीच्या वेळी स्पीड कमी मिळेल, तेवढं चालवून घेता येतं.

५जीत अजून एक गोची आहे. एसए म्हणजे स्वतंत्र ५जी आणि एनएसए म्हणजे ४जीच्या आधारावर चालणारं ५जी. कंपनी एनएसए वापरत असेल तर नुसता एन७८ असून भागत नाही, ज्या ४जी बँडला तो जोडलाय तो पाहिजे आणि त्या दोघांची जोडी फोनला चालली पाहिजे. आणि कंपनीचं ५जी फक्त एसए असेल आणि फोनमध्ये एसए चालू नसेल तर ४जीवरच बसा.

आता मुख्य मुद्दा, कॉल. जुनं २जी ३जी होतं तोवर काही नाही तर कॉल तरी लागायचा, फोन खाली ३जीवर उतरून कॉल करायचा. आता बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय, अमेरिकेत एटीअँडटीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलं, मग कॉल व्हीओएलटीईनेच, म्हणजे ४जीवरूनच. आणि व्हीओएलटीई नुसत्या बँडवर चालत नाही, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची सेटिंग असावी लागते, वर काही कंपन्या आपल्या यादीतल्या मॉडेललाच ते देतात. मग इंटरनेट सुसाट आणि कॉल शून्य. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ३जी गेलं तेव्हा तर असे फोन निघाले की साधा कॉल व्हीओएलटीईने व्हायचा पण इमर्जन्सीचा ००० लावला की फोन ३जी शोधायचा, जे उरलंच नव्हतं. असे फोन नेटवर्कवर ब्लॉक करायचा नियम आला आणि बाहेरून आणलेले बरेच हँडसेट त्यात गेले. म्हणून कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या फोनची यादी किंवा आयएमईआय तपासायचं पान असेल तर पैसे देण्याआधी तिथे नंबर टाकाच.

फोन आल्यावर सिम टाका, कॉल लावा आणि चालू कॉलमध्ये वरच्या पट्टीकडे बघा. ४जी किंवा व्हीओएलटीईचं चिन्ह टिकलं आणि कॉल चालू असताना मोबाइल डेटावर, वायफाय बंद करून, एखादं पान उघडलं तर बरोबर आहे. चिन्ह एच (३जी) किंवा ई (२जी) झालं तर फोन खाली उतरतोय, आज चालेल पण ३जी २जी बंद झालं की संपलं. बऱ्याच अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* मध्ये आयएमएस, म्हणजे व्हीओएलटीई ज्यावर चालतं ती सेवा, तिचं सर्व्हिस स्टेटस दिसतं, तिथे रजिस्टर्ड पाहिजे. शाओमीवर *#*#८६५८३#*#* ने कॅरिअर चेक बंद करून व्हीओएलटीई चालू करायचा जुगाड लोक करतात, होतोही कधी कधी, पण अपडेट आलं की परत बघावं लागतं. दोन सिमचा फोन असेल तर हीच टेस्ट दुसऱ्या स्लॉटवरपण करा, जुन्या मॉडेलांत दुसरा स्लॉट नुसता २जी ३जीचा असायचा. आणि हे सगळं रिटर्नची मुदत संपायच्या आत उरका.