खासदारसंख्या घटवण्याचा प्रस्ताव कसा तपासावा

राष्ट्रीय संसदेत निवडून येणारे सदस्य कमी असावेत, अशी मागणी पुढे आली की मत बनवण्याआधी ती आकड्यांवर तपासून घ्यावी आणि त्यासाठी इटलीचे उदाहरण हाताशी ठेवावे. तेथे सप्टेंबर २०२० च्या सार्वमतात सुमारे ७० टक्के मतदारांनी होकार दिला. त्यानुसार २०२२ च्या निवडणुकीपासून कनिष्ठ सभागृह ६३० वरून ४०० वर आणि सिनेटचे निर्वाचित सदस्य ३१५ वरून २०० वर आले.

खर्चाचा मुद्दा आधी निकाली काढावा. समर्थकांनी पाच वर्षांत ५० कोटी युरो वाचतील असे सांगितले होते. तो आकडा जसाच्या तसा मान्य केला, तरी इटलीच्या वार्षिक सरकारी खर्चातील दर आठ हजार युरोंमागे जेमतेम एक युरो वाचतो. एवढ्यासाठी प्रतिनिधित्व कमी करावे, हे मला पटत नाही.

त्यानंतर एका सदस्यामागे किती लोक येतात ते काढावे, कारण खरा प्रश्न येथे आहे. इटलीच्या कनिष्ठ सभागृहात हे प्रमाण सुमारे ९६ हजारांवरून दीड लाखावर गेले. मात्र सरासरीवर थांबू नये. लहान प्रदेशांचे काय होते ते स्वतंत्रपणे पाहावे. बासिलिकाता आणि उंब्रिया या प्रदेशांचे सिनेटर सातावरून तिनावर आले, आणि जेथे तीनच जागा असतात तेथे लहान पक्षाला किंवा स्थानिक अल्पमताला एखादी जागा मिळणे फार अवघड होते.

सदस्य घटल्यावर समित्यांचे काम कोण करणार, हेही विचारावे. इटलीच्या सिनेटने स्थायी समित्या १४ वरून १० केल्या, पण दोन्ही सभागृहांचे समान अधिकार आणि त्यामुळे होणारी कामाची पुनरावृत्ती तशीच राहिली. आधी कामाची फेररचना आणि मग संख्या, हा क्रम मला योग्य वाटतो.

हाच हिशेब भारताला लावताना लोकसभेच्या ५४३ जागांची राज्यनिहाय वाटणी अजूनही १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली आहे, हे ध्यानात घ्यावे. आज एका खासदारामागे सरासरी २५ लाखांहून अधिक लोक येतात. महाराष्ट्राला ४८ आणि गोव्याला अवघ्या दोन जागा आहेत. म्हणून कपात सुचवणाऱ्याकडे प्रत्येक राज्याच्या नव्या जागांचा तक्ता मागावा आणि त्यात गोव्यासमोरचा आकडा सर्वांत आधी पाहावा.