शिबिराआधी यादी: गावातल्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काय करायचे

लहान मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला की गावात पहिल्यांदा शिबिराचे नाव घेतले जाते. मंडप पडतो, टॉनिकच्या बाटल्या वाटून होतात, आणि जे बाळ खरोखर आजारी आहे ते घरीच राहते. तेवढा खर्च आणि तेवढी माणसे आधी यादीवर लावा.

यादीला दोनशे पानी वही पुरते. एका मुलाला एक ओळ: जन्मतारीख, जन्माचे वजन, शेवटची लस, पुढच्या लशीची तारीख, या महिन्याचे वजन, आईचा फोन. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांची रजिस्टरे गावात असतातच. महिन्यातून एकदा, लसीकरणाच्या दिवशीच, तिघींनी बसून ती जुळवायची. नाव जिथे जुळत नाही तिथे मूल सुटलेले असते. बहुतेकदा ते बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचे, मळ्यातल्या घरचे किंवा ऊसतोड टोळीतले निघते.

टोळ्यांचे वेळापत्रक वेगळे असते. गळीत हंगाम सुरू झाला की आईबाप पहाटेच फडात जातात. सकाळच्या सत्राला ते मूल येणारच नाही, म्हणून मुकादमाला आदल्या दिवशी सांगून संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, जा. लशीचे कार्ड गावाकडे राहिलेले असते. आईच्या मोबाईल नंबरवरून यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद शोधा. तीही नसेल आणि आईला आठवत नसेल, तर लस झालेली नाही असे धरून वयाप्रमाणे डोस सुरू करा. नव्या कार्डाचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे मार्चमध्ये टोळी परतली तरी नोंद तिच्यासोबत जाईल.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाकडे आशाताईंच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या आहेत. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जायचे. पहिल्या दोन भेटी चुकवू नका. वजन करताना रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा, मग झबले, टोपी, दुपटे सगळे काढा. कपड्यांमुळे दीडशे ग्रॅमची चूक झाली की 2400 ग्रॅमचे बाळ अडीच किलोच्या पुढे दिसते आणि जास्त काळजीच्या यादीतून निसटते.

न्यूमोनिया ओळखण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ द्या. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, झबले छातीपर्यंत वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका; तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबून पुन्हा जोरात चालतो, त्यामुळे आकडा हमखास चुकतो. मूल रडत असेल तर दूध पाजून, थांबून मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त: हा श्वास जलद. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा 60 किंवा जास्त आला तर एकदा परत मोजून खात्री करा. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल किंवा झटके आले असतील तर आकड्याची वाट न बघता दवाखान्यात हलवा. पोट उडतंय म्हणून वाफ देत, तेल चोळत रात्र काढणे जिवावर बेतते. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचे यंत्र) असेल तर मुलांचा वापरा. मोठ्यांचा चिमटा इवल्या बोटावर बसत नाही आणि खोटा आकडा दाखवतो. 90 टक्क्यांच्या खाली म्हणजे ऑक्सिजन लागणार.

जुलाबात ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, एकाच वेळी, पूर्ण टाकायचे. अर्धे पाकीट तांब्यात, उरलेले उद्या, असे केले की मिठाचे प्रमाण बिघडते. घरोघरी म्हशी असलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचे लिटरचे माप सहज सापडते. ते उकळत्या पाण्याने धुऊन वापरा. तयार पाणी 24 तासांनी ओतून टाका. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई गोळी बंद करते. म्हणून सातव्या दिवशी घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजा.

कुपोषण ओळखायला दंडाचा घेर सहा महिन्यांपुढच्या मुलाचा बघायचा, 11.5 सेंटिमीटरच्या आत आला तर त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा.

मोठ्या दवाखान्यात पाठवायची तयारी मे महिन्यात करा. पंचगंगा, भोगावती चढल्या की बंधारे बुडतात, गगनबावड्याचा रस्ताही पाण्याखाली जातो. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बाया आणि कमी वजनाची बाळे यांची नावे वेगळी काढा. चंदगड, आजऱ्याकडून थेट कोल्हापूरला सीपीआर (जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय) गाठायचे की आधी गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून लिहून ठेवा. 108 ला फोन केल्यावर लगेच पुढच्या दवाखान्यालाही फोन करा. चिठ्ठीत वजन, श्वासाचा आकडा, दिलेले औषध, त्याची मात्रा आणि वेळ लिहा. वेळ लिहिली नाही तर तिथे तेच इंजेक्शन पुन्हा टोचले जाते किंवा पुढचा डोस चुकतो. वाटेत तान्हे बाळ आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घाला. दुपट्यात गुंडाळून दुसऱ्याच्या हातात दिलेले बाळ पोहोचेपर्यंत गार पडते.

मूल घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आशाताईंनी डिस्चार्जचा कागद बघायचा, औषधे त्याच्याशी पडताळायची आणि श्वास पुन्हा एक मिनिट मोजून वहीत त्याच ओळीपुढे लिहायचा.