शाळा कधी उघडावी, कधी सुटावी : तारखेचा वाद गावात मांडायचा तर

"विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मग आमच्याच लेकरांनी १५ जूनला उन्हात का जायचं?" हा प्रश्न मराठवाड्यात नांदेडपासून बीडपर्यंत दर उन्हाळ्यात निघतो, पारावर तापतो आणि पहिल्या पावसात विरून जातो. विरतो, कारण तारीख सगळेच मागतात आणि दिवस कोणीच मोजत नाही. जूनमधले जितके दिवस सोडाल तितके दुसरीकडून भरावे लागतात. ते कुठून भरायचे हे ज्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्याचंच म्हणणं शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर टिकतं. तेव्हा सुरुवात भाषणापासून नको, वहीपासून करा.

पहिला हिशेब : दिवसांचा

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ रविवार गेले (एखाद्या वर्षी ५३), उरले ३१३. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षातल्या सगळ्या प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाता कामा नयेत. त्या पूर्ण घेतल्या तर २३७ दिवस उरतात, आणि संहितेला कामाचे किमान २३० दिवस हवेत. म्हणजे हायस्कूलच्या हातात सात दिवसांची ढिलाई. अतिवृष्टीची सुट्टी आणि मतदान केंद्रासाठी घेतलेल्या खोल्या यांतच ती संपते.

प्राथमिकला जागा जास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास सांगितले आहेत. मागणी फक्त पहिली ते पाचवीपुरती असेल तर दिवसांच्या अटीत ती सहज बसते. पण त्याच घरातली थोरली पोर हायस्कूलला जात असेल आणि धाकट्याला तिच्याशिवाय सांभाळायला कोणी नसेल, तर कायद्यात बसलेली मागणी घरात बसत नाही.

आता उन्हाळी सुट्टी मांडा. २ मे ते १४ जून म्हणजे ४४ दिवस. सहा-सात रविवार वजा केले की ७६ पैकी ३७-३८ सुट्ट्या इथंच खर्ची पडल्या. शाळा ३० जूनला उघडायची म्हटली तर ५९ दिवस होतात, रविवार सोडून ५० किंवा ५१. उरल्या २५-२६. त्यात गणपती, दसरा, ईद, नाताळ, महाशिवरात्र, गुढीपाडवा, जयंत्या आणि स्थानिक सुट्ट्या भरून बघा. बहुतेक वेळा दिवाळीला जेमतेम आठवडा राहतो. बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहिला की "जून सोडा" म्हणणारे निम्मे लोक गप्प होतात. उरलेल्या निम्म्यांशी खरी चर्चा होते.

विदर्भाचं उदाहरण देताना जपून. तिथं तारीख उशिराची असली तरी कायद्यातली किमान दिवसांची अट तीच आहे.

दुसरा हिशेब : तासांचा

हा बहुतेक जण विसरतात आणि अधिकारी नेमका हाच विचारतात. ८०० तास भागिले २०० दिवस म्हणजे दिवसाला चार तास. १,००० भागिले २२० म्हणजे साडेचार तासांहून थोडं जास्त. सकाळची शाळा ७ ते ११.१५ भरवली तर कागदावर सव्वाचार तास दिसतात. परिपाठाची १५ मिनिटं आणि मधली सुट्टी वजा केली की शिकवणं साडेतीन तासांच्या आसपास येतं. अशी ३० दिवस सकाळची शाळा धरली तर पहिली-पाचवीला चार तासांच्या मानाने १५ तासांची तूट पडते, सहावी-आठवीला तिच्या दुपटीने. पूर्णवेळ दिवसांत ही तूट भरून निघते, कारण साडेदहा ते पाचच्या शाळेत जेवण आणि परिपाठ काढूनही पाच तास हाती लागतात. पण भरून निघते हे तुम्ही आकड्यात दाखवायचं आहे. "सकाळची शाळा करा" एवढंच लिहिलेला अर्ज परत येतो.

१५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, २६ जानेवारी या दिवशी मुलं शाळेत येतात, झेंडावंदन होतं, खाऊ घेऊन घरी जातात. हे दिवस तासांच्या रकान्यात धरू नका.

जून की एप्रिल?

आमच्या मते मराठवाड्यात उन्हाचा मुद्दा जूनसाठी कमजोर आहे आणि एप्रिलसाठी भक्कम. मृग ७-८ जूनला निघतो. सरासरी वर्षी जूनच्या मध्यापर्यंत पाऊस इकडं पोचतो आणि हवा उतरते. पावसानं ओढ दिली तर गोष्ट वेगळी, पण ओढ कधी देणार हे जानेवारीत ठरवता येत नाही. उलट एप्रिलच्या शेवटी परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढं जातो तो जवळपास दरवर्षीच. किनवट-माहूरची गोष्ट थोडी निराळी. यवतमाळला लागून असल्याने तिथले लोक विदर्भाची तारीख मागतात त्यात तथ्य आहे. धाराशिवच्या माणसाने तीच मागणी तशीच उचलली तर ती उसनी वाटते.

जूनच्या बाजूने खरा मुद्दा पेरणीचा आणि पाण्याचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तो पडला की घरातलं मोठं माणूस रानात आणि मोठी मुलगी धाकट्यांजवळ. या आठवड्यात हजेरी कोसळते; पण हा आठवडा कधी १८ जूनला येतो, कधी जुलैत. ठरलेली तारीख पुढं ढकलून तो हुकवता येत नाही.

पाण्याचं मात्र ठोस बोलता येतं. गावाला टँकर चालू असेल तर शाळेच्या टाकीसाठी वेगळी खेप मागा, कारण पोषण आहार शिजवायला आणि स्वच्छतागृहाला पाणी लागतंच. शाळाच उशिरा उघडा म्हणणाऱ्यांना एक विचारा : १५ ते २९ जूनचे बारा-तेरा दिवस मुलांना दुपारचं जेवण कोण देणार? २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाला दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतलं जेवण द्या, असा आदेश द्यावा लागला होता.

एप्रिल लवकर संपवा, ही मागणी ऐकायला सोपी आहे. शेजारी तेच करतात : कर्नाटकात शाळा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच सुटतात आणि मेअखेर उघडतात, तेलंगणात एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात सुटून १२ जूनला. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांना हे नात्यागोत्यातून माहीत असतंच. पण बीडमध्ये पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडे गेलात की चित्र उलटं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोयत्याबरोबर (तोडणाऱ्या जोडप्याबरोबर) लेकरं जातात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. या मुलांसाठी एप्रिलचे तीन आठवडे म्हणजे वर्षाची उरलीसुरली शाळा. गावाने उन्हापायी १० एप्रिलला शाळा मिटवली, तर ज्यांचं आधीच सगळ्यात जास्त बुडालं त्यांचंच आणखी बुडतं. ऊसतोडीच्या गावात हा मुद्दा कोणी मांडला नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी स्वतः मांडावा. ज्यांच्या मुलांचा हा प्रश्न आहे ते पालक बैठकीच्या वेळी बहुधा उसाच्या फडावर असतात.

"मग लांब सुट्टीच ऊसतोडीच्या दिवसांत द्या" ही सूचना हमखास येते. ती चालत नाही. तोड पाच-सहा महिने चालते, सुट्टी दीड महिन्याची. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्यांचं वेळापत्रक राज्य मंडळाचं. संभाजीनगर किंवा लातूर विभागीय मंडळाकडे अर्ज करूनही ते हलत नाही. इथं काम तारखेनं होत नाही, हंगामी वसतिगृहानं, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयीनं होतं. सप्टेंबरमध्येच घरोघर विचारून कोणाची मुलं मागं राहू शकतात, आजी-आजोबा आहेत का, याची यादी करा आणि समितीचा ठराव जोडून दसऱ्याआधी प्रस्ताव पाठवा. दिवाळीनंतर केलेली यादी निघून गेलेल्या मुलांची असते. जी मुलं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड हातात देऊनच सोडा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखला न मागता बसवून घेतील.

पुरावा कुठून आणायचा

शाळेतच आहे. मागच्या तीन वर्षांचं हजेरीपत्रक काढा आणि १५ ते ३० जून, दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, १ ते ३० एप्रिल एवढ्याच तुकड्यांची रोजची उपस्थिती पटाच्या टक्केवारीत लिहा. मग पोषण आहाराच्या नोंदवहीतली जेवलेल्यांची संख्या शेजारच्या रकान्यात. दोन्हींत मोठा फरक दिसला तर आधी तो मुख्याध्यापकांशी बसून मिटवा. तसाच कागद वर पाठवला तर चर्चा सुट्टीवरून नोंदवहीवर जाते. पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय महावेधच्या (स्वयंचलित हवामान केंद्रांच्या) नोंदींतून मिळतात. जिल्ह्याची सरासरी घेऊ नका, दोन मंडळांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

उन्हाचा मुद्दा मांडायचा असेल तर वर्गातला पारा मोजा. साधा भिंतीवरचा तापमापक पत्र्याच्या खोलीत, उन्हाच्या भिंतीपासून दूर, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर टांगा. एप्रिलभर आठ, दहा आणि साडेअकरा वाजता नोंद घ्या. स्लॅबच्या खोलीतही तसंच करा. या दोन रकान्यांतून बऱ्याचदा असं निघतं की सुट्टीपेक्षा पत्र्याखाली छत हवं, आणि ती मागणी शाळा विकास आराखड्यात घालता येते.

कोणाकडे काय मागायचं

सुरुवातीची तारीख राज्य पातळीवर ठरते. गावचा ठराव तिथं पोचतो तो निवेदन म्हणून. आदेश म्हणून नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणं स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढं विषय ठेवायला आधार आहे. एका गावापेक्षा एका केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी सारखाच ठराव दिला तर वजन येतं.

जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे मात्र मागण्यासारखं खरंच काही आहे. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव, नाताळ अशा सणांना जोडून घ्यायची परवानगी ते देऊ शकतात. एकूण ७६ च्या आत. सुट्टीच्या वार्षिक परिपत्रकात ही तरतूद असते आणि तिचा वापर फार कमी गावं करतात.

शाळेच्या पातळीवर मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या मोजक्या सुट्ट्या असतात. त्या कुठं टाकायच्या हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला शाळा उघडी ठेवली तरी वर्गात बाकं तेवढी असतात, सगळं गाव रानात जेवायला. जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्यांत तो दिवस आहे का ते आधी पाहा. असेल तर तुमची सुट्टी जत्रेसाठी वाचली.

बैठक आणि ठराव

पुढच्या जूनबद्दल बोलायचं तर २६ जानेवारीच्या सुमाराची ग्रामसभा योग्य. १ मेच्या सभेत उशीर झालेला असतो, त्या दिवशी निकालही असतो. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो. सहीपुरत्या नाही, बोलायला बसतील अशी वेळ ठेवा. संध्याकाळी सातनंतर, आणि स्वयंपाकी-मदतनीस ताई व अंगणवाडी सेविकेला आवर्जून बोलवा. जून-एप्रिलची खरी उपस्थिती त्यांना तोंडपाठ असते. प्रत्येक सूचनेला तीनच प्रश्न : कोणत्या वर्गासाठी, कोणते दिवस, बदल्यात कोणते दिवस? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर सूचना फळ्यावर लिहायची नाही.

ठराव असा लिहिता येईल :

"पहिली ते आठवीसाठी दिवाळी सुट्टीतील ४ दिवस कमी करून ते गौरी-गणपतीच्या काळात समायोजित करावेत. एकूण सुट्ट्या ७६ च्या आत राहतील. कामाचे दिवस व तास सोबतच्या तक्त्यात. मागील तीन वर्षांची उपस्थिती जोडली आहे. सूचक, अनुमोदक, मतांची संख्या."

एका ठरावात एकच मागणी. उन्हाळा, सकाळची शाळा आणि पत्र्याचं छत एकाच कागदावर घातलं की तो तीन टेबलांवर फिरतो आणि कुठंच थांबत नाही.

पाठवण्याआधी तीन गोष्टी पडताळा. जवळच्या हायस्कूलचं वेळापत्रक, कारण तिथं शाळा चालू आणि इथं बंद असेल तर भावंडांची आणि एसटीच्या फेऱ्यांची फरफट होते. पाचवी-आठवीची पुनर्परीक्षा, जी निकालानंतर दोन महिन्यांत व्हावी लागते. १ मेचा निकाल धरला तर १ जुलैच्या आत. आणि वार्षिक परीक्षा कधी संपते. परीक्षा संपली की मुलं येत नाहीत, हे शिक्षकांइतकंच पालकांनाही ठाऊक आहे. २०२५ मध्ये पहिली ते नववीची परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिलला ठेवली गेली तेव्हा उन्हावरून ओरड झाली, पण परीक्षेआधीचे दिवस तरी भरले.

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत द्या, आवक क्रमांक घ्या, प्रत केंद्रप्रमुखांना. महिनाभरात उत्तर नाही आलं तर त्याच क्रमांकाचा दाखला देऊन स्मरणपत्र. परवानगी मिळाली तर त्या चार दिवसांच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याची हजेरी वेगळ्या पानावर ठेवा, कारण पुढच्या वर्षी तीच परवानगी पुन्हा मागावी लागते आणि तेव्हा टेबलापलीकडचा माणूस बहुधा बदललेला असतो.