सरकारी शाळा सुधारायला निघालात? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण अर्धे लोक खालपर्यंत वाचतच नाहीत. शाळेशी पार्टनरशिप करायची आणि शिक्षण खात्याच्या ऑफिसला फक्त उद्घाटनाला बोलवायचं, ही ती चूक. शाळेत काम करायला एखादी स्वयंसेवी संस्था येते, मुख्याध्यापकांना भेटते, बाई चांगल्या असतात, मुलं गोड असतात, पालक-शिक्षक संघ चहा देतो, झालं, काम सुरू. पण गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या हातात स्वतःचं असं फार थोडं असतं हे यांना कोणी सांगत नाही. शिक्षक कोण, किती, ट्रेनिंगला कधी जाणार, हे सगळं तालुक्याला भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे नाहीतर वर पर्वरीला शिक्षण संचालनालयात ठरतं. महाराष्ट्रातून येणारे काही जण तर जिल्हा परिषदेच्या नावाने छापलेला करारच घेऊन येतात. अहो, आमच्या शाळा जिल्हा पंचायतीकडे नाहीतच, थेट खात्याच्या आहेत, एवढं तरी बघून या.

मग काय होतं ते सांगतो. डोंगराकडची एक शाळा, तालुका मुद्दाम सांगत नाही, पहिली ते चौथी आणि दोन शिक्षक. संस्थेने काम खरंच चांगलं सुरू केलेलं. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवायची आणि मुलाला काय वाचता येतं त्याप्रमाणे गट करायचे, अक्षरवाले एका कोपऱ्यात, शब्दवाले दुसऱ्या, परिच्छेद वाचणारे व्हरांड्यात. ही 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची जुनी पद्धत आहे, बऱ्याच राज्यांत वापरून झालेली, नवीन काही नाही. दोन शिक्षकांतल्या एका बाईंना हे असं काही जमलं की तिसरीतली अक्षरावर अडकलेली पोरं दिवाळीपर्यंत छोटी छोटी वाक्यं वाचायला लागली. सुट्टी संपली आणि ऑर्डर आली, शेजारच्या गावात शिक्षक नाही म्हणून बाईंना तात्पुरतं तिकडे पाठवलं. मागे राहिले एक सर, चार इयत्ता, मधल्या सुट्टीच्या भाजीपावाचा हिशेब, यूडायसचा म्हणजे शाळेच्या सरकारी माहितीचा फॉर्म आणि वर बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या कामाची ड्युटी. गट त्याच आठवड्यात बंद पडले. संस्थेत काम करणारी मुलगी रडकुंडीला आली, पेपरवाल्यांना सांगते म्हणाली. तिला कसंबसं थांबवून आम्ही तालुक्याला गेलो, तर साहेब म्हणाले, "तुमचं असं काय चाललंय हे मला कोणी कळवलंच नाही. माझ्या कागदावर इथे दोन शिक्षक आणि तिथे शून्य. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, कोणाकडेच नसतं.

म्हणून माझी सवय अशी की शाळेत पाऊल टाकायच्या आधी तालुक्याला जायचं आणि एक पान सोबत न्यायचं. डावीकडे संस्था काय करणार, उजवीकडे ऑफिस काय करणार. उजवी बाजू रिकामी असेल तर ती पार्टनरशिप नाही, दान आहे. माझ्या उजव्या बाजूला नेहमीच्या तीन गोष्टी असतात: शिक्षक हलवायचाच झाला तर सत्र संपल्यावर हलवायचा, नवीन येणाऱ्याने आधी काही दिवस जुन्यासोबत वर्गात बसायचं, आणि सीआरपीने, म्हणजे आसपासच्या शाळांना भेटी देणाऱ्या खात्याच्या माणसाने, भेटीला आल्यावर रजिस्टरवर सही करून न जाता त्या वाचनाच्या तासाला बसायचं. सही घ्यायची, आणि साहेबांची बदली झाली की तेच पान घेऊन नवीन साहेबांकडे जायचं, तोंड वाकडं न करता. अजून एक, एकटी शाळा घेऊच नका, एका अधिकाऱ्याच्या हाताखालच्या चार-पाच शेजारच्या शाळा घ्या, म्हणजे मासिक मीटिंगमध्ये तो विषय त्यांचा होतो, तुमचा राहत नाही.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही हां. अमेरिकेने 2009 नंतर मागे पडलेल्या शाळांवर अब्जावधी डॉलर ओतले, मुख्याध्यापक बदला, निम्मा स्टाफ बदला, नाहीतर शाळा बंदच करा असे तयार साचे दिले, आणि 2017 मध्ये त्यांच्याच सरकारी अभ्यासात निघालं की वाचन-गणिताच्या मार्कांवर एकूणात काही फरक पडलेला नाही. उलट व्हर्जिनिया विद्यापीठाचा 2004 पासूनचा एक कार्यक्रम आहे, ते मुख्याध्यापकांच्या सोबत डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या माणसांनाही ट्रेनिंगला बसवतात. सगळीकडे जादू झाली असं मी म्हणत नाही, पण ऑफिसला वर्गात बसवायची अक्कल त्यांना आहे.

आता दुसरी, माझी लाडकी चूक: मार्च महिना. कंपनी कायदा 2013 चं कलम 135, मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यावर, घालायचे. वर्षभर कोणाला आठवत नाही आणि फेब्रुवारीत धावपळ. मग परीक्षा तोंडावर असताना टेम्पो येतो, स्मार्ट पॅनल भिंतीवर चढतं, फोटो, नारळ, शाल, सरपंचांचं भाषण. पुढे उन्हाळ्याची सुट्टी आणि लगेच आपला पाऊस. कौलातून गळणारं पाणी, दिवसातून चारदा जाणारी लाईट, पॅनलवर बुरशी. अशा शाळांमध्ये मी ते पॅनल चादर घालून झाकलेलं बघितलंय, काही ठिकाणी त्यावर सुविचार चिकटवलेला असतो. दुरुस्तीचा नंबर लावला तर माणूस मुंबईहून येणार म्हणतात. याच पैशात छप्पर, वायरिंग आणि वाचायला गोष्टीची पुस्तकं झाली असती, पण छपराचा फोटो चांगला येत नाही ना. माझं सरळ म्हणणं, पैसे मार्चमध्येच द्यायचे असतील तर छपराला द्या, पावसाच्या आधी काम तरी होईल. आणि स्क्रीन घ्यायचीच असेल तर आधी विचारा की ती बिघडली तर फोन कोण उचलणार, आणि बिल कोण भरणार.

घाई करणाऱ्या नवीन लोकांचं मला खरंच कळत नाही. तीन महिन्यांत 'ट्रान्सफॉर्मेशन' दाखवायचं असतं यांना, आणि पहिल्या आठवड्यात एकाही मुलाला समोर बसवून वाचायला लावलेलं नसतं. असर या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची साधी चाचणी आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एका मुलाला काही मिनिटं लागतात. ती आधी करा, मग भिंती रंगवा. रंग द्यायला माझी ना नाही.

बाकीच्या पटापट सांगतो. चतुर्थीच्या आधीचा आठवडा आणि शिगम्याचे दिवस कुठल्याही शिबिराला धरू नका, मुलं येत नाहीत आणि शिक्षकही मनाने नसतात. शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग सकाळी अकराला ठेवू नका, शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात 75 टक्के पालक लागतात आणि त्यातले बरेच त्या वेळी कामावर असतात. शिक्षकांना अजून एक व्हॉट्सअॅप ग्रुप नको, आहेत तेवढे पुरे. आणि रिपोर्टसाठी वेगळा फॉर्म नको, खात्याला जो जातो त्याचीच झेरॉक्स घ्या.

भाषेचं मात्र थोडं थांबून सांगतो. वास्को, फोंडा, म्हापसा या बाजूच्या सरकारी शाळांत कितीतरी मुलांच्या घरी कानडी नाहीतर हिंदी बोलतात, बाकीच्यांच्या घरी कोकणी, आणि पुस्तक मराठी. पुण्याहून आणलेलं गोष्टीचं कार्ड वाचताना मूल अडलं की लगेच 'कमकुवत' शिक्का मारतात. गोष्ट मराठीत वाचून घ्या, पण अर्थ त्याला हव्या त्या भाषेत सांगू दे, मग कळतं अडचण वाचनाची आहे की शब्दांची. दोन्हीचे उपाय वेगळे.

आणि पहिल्याच वर्षी पटसंख्या वाढली का हे विचारू नका. पालक मूल तिसऱ्या वर्षी खाजगी नर्सरीत घालतात, तिथूनच ते पुढच्या इंग्रजी शाळेत जातं, अनुदानित शाळेची बालरथ बस दारात येते, 2011 पासून इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिकलाही अनुदान चालू झालंय, आणि तुम्ही वाड्यावरच्या शाळेतल्या बाईंना विचारता की पट का वाढला नाही. तो प्रश्न बाईंना नाही, पहिलीच्या आधीच्या वर्षांना विचारायचा, म्हणजे अंगणवाडीत जाऊन बसायचं. तिथल्या ताईला विचारा, यंदा सुटणारी मुलं कुठे जाणार आहेत, तिच्याकडे नावानिशी यादी असते.