द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र तास
जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी बहुधा एकाच शिक्षकाकडे असते. अशा वेळी दोन्ही इयत्तांना आळीपाळीने शिकवण्यापेक्षा एकच घटक निवडून त्याच्या दोन पातळ्या आखाव्यात. हातच्याची बेरीज घेताना पहिलीच्या मुलांना दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायला द्यावेत आणि दुसरीच्या मुलांकडून त्याच गठ्ठ्यांवर २७ अधिक १५ सोडवून घ्यावे, म्हणजे सुट्या १२ काड्यांतून नवा गठ्ठा बांधताना हातचा कुठून आला, हे धाकट्यांनाही दिसते. पहिलीजवळ बसण्यापूर्वी दुसरीची पुढची उदाहरणे फळ्यावर लिहून ठेवावीत, नाहीतर ‘गुरुजी, झालं!’चा गजर सुरू होतो. मोठ्यांना गटप्रमुख जरूर करावे, पण रोज नव्हे. त्यांचाही अभ्यास असतोच.