जुनं पॉवर मीटर पेडल खोटं बोलतंय?

ओळखीतून सायकलसाठी वापरलेली पॉवर मीटर पेडल (पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारी) घेतली आणि पहिल्याच रविवारी सिंहगडाच्या चढावर माझे वॅट वाढले. पाय तेच, धापही तीच. म्हणजे गडबड मीटरची.

आधी सेटिंगमधली क्रँकची (पेडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीची) लांबी बघा. माझ्याकडे आधीच्या मालकाची १७५ मिमी तशीच राहिली होती, क्रँक मात्र १७० मिमीची. एवढ्यानं खरे २०० वॅट २०६ दिसतात. लांबी बहुधा क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. चिखल पुसा, सापडेल.

मग झीरो ऑफसेट, म्हणजे भार नसताना मीटर शून्यावर आणणं. सायकल घराबाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पेडलवर पाय न ठेवता झीरो करा. घरातल्या उबेत झीरो करून पहाटेच्या गारठ्यात निघालात तर आकडा सरकतो.

तरी शंका असेल तर वजन टांगा. पेडलचं ॲप टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) दाखवत असेल तरच हे जमतं. मी वाळूची पिशवी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बरोबर १० किलो भरून घेतली (दुकानदारानं विचित्र नजरेनं पाहिलं). मागचा ब्रेक दाबून क्रँक आडवा धरा, पिशवी पेडलच्या आसाला लटकवा. १७० मिमी क्रँकवर १६.७ न्यूटन-मीटर यायला हवेत. दोन्ही बाजू स्वतंत्र तपासा.

सेन्सर फक्त डाव्या पेडलमध्ये असेल तर मीटर डाव्या पायाची दुप्पट करतं. डावा पाय ४८ टक्केच जोर लावत असेल, तर २०० चे १९२ दिसणार. वरच्या तपासण्यांनी ते दुरुस्त होत नाही.